मानोजीअण्णांची झडती

मच्छर मारायच्या बॅटने माणसाची झडती घेता येते, हे मानोजीअण्णा भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं.

ही बॅट म्हणजे आपल्या सगळ्यांच्या घरी असते तीच, डास सापडला की चट्‌दिशी वाजणारी. अण्णांनी तिच्यातली बॅटरी काढून टाकली आहे. एकदा ती काढायची राहिली होती आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा मुलगा त्याच दिवशी सायन्स सोडून कॉमर्सला गेला, असं आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण सांगते मात्र मी सगळ्यांना.

तर रविवारी कुठलीही मोठी प्रवेश परीक्षा असली, की शनिवारी सकाळी बरोबर साडेदहाला अण्णा आपल्या फाटकात एक टेबल, एक प्लास्टिकचा ट्रे आणि ती बॅट घेऊन उभे राहतात. परीक्षेला बसणारी गल्लीतली पोरं परीक्षेच्याच कपड्यांत रांग लावतात. अण्णा बॅट डोक्यापासून पायापर्यंत फिरवतात आणि धातूचा संशय आला की तोंडाने “टीं” असा आवाज काढतात. टीं झालं की जे असेल ते काढून ट्रेमध्ये टाकायचं. कानातलं, कडं, केसातली पिन, गळ्यातला ताईत. पाण्याच्या बाटलीवरचं लेबल तर अण्णा स्वतः नखाने खरवडून काढतात. एका पोराच्या शर्टाला मोठी बटणं होती. “एवढं मोठं बटण कशाला? आत रेडिओ हाय का?” म्हणून त्याला घरी पाठवून शर्ट बदलायला लावला. दुसऱ्या दिवशी खऱ्या केंद्रावर तसल्याच बटणांपायी दुसऱ्या एका मुलाला अर्धा तास बाहेर उभं केलं. तेव्हापासून अण्णांच्या टींला आमच्याकडे कुणी हसत नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

आम्ही इकडे कानडी मुलखात, येलहंक्यात राहायला आलो तेव्हा अण्णा शेजारच्याच घरात होते, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते तसे पावणेचारशे वर्षांपासून इथे आहेत. “आमी शहाजीराजाबरोबर आलो, अक्का. तुमी?” असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. आम्ही एका ट्रान्सपोर्टवाल्याबरोबर आलो होतो आणि त्याने आमच्या कपाटाचा आरसा फोडला होता, म्हणून मी गप्प बसले. घराणं चिकपेटेतल्या कापडवाल्यांचं. भाऊ दुकानात बसले, हे एकटे शिकले आणि सरकारी कॉलेजात गणिताचे लेक्चरर झाले. पण गणितावर बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. बोलतात ते परीक्षेवर. पस्तीस वर्षं त्यांनी हॉलमध्ये सुपरवायझर म्हणून येरझाऱ्या घातल्या, आणि निवृत्त झाले तरी ती चाल काही गेली नाही. भाजी घ्यायला निघाले तरी दोन्ही हात पाठीमागे, मान डावीकडे, मान उजवीकडे. भाजीवाली त्यांना पाहून टोमॅटो सरळ रांगेत लावते.

त्यांचं मराठी वेगळंच आहे. मी सांगलीची, नवरा मिरजेचा. आम्हांला वाटायचं, आमच्याइतकं कानडी मिसळलेलं मराठी कुणाचं नसेल. अण्णांनी आम्हांला मागे टाकलं. जरा म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी, आणि एखादा विषय मिटला की “आयतु”. हे आयतु ते असं म्हणतात की न्यायाधीशाने हातोडा आपटावा.

परीक्षेची माहितीपुस्तिका आपण कशी वाचतो? तारीख बघतो आणि फी भरतो. अण्णा ती शेवटच्या पानापासून वाचतात. “खरं काय अस्तंय ते शेवटी, बारीक अक्षरात.” दरवर्षी पुस्तिका आली की ते ती छापून आणतात, लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवतात आणि पाठ करतात. पोरं नियमांना घाबरली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: “घाबरायचं न्हाई, वाचायचं.” आणि एखादी आई अंगारा किंवा प्रसादाची पुडी घेऊन आली की दुसरं: “अक्का, हॉलमदी देव न्हाई. हॉलमदी सुपरवायझर अस्तोय.”

हा आजार परीक्षेपुरता असता तरी चाललं असतं. गणपतीत लेआउटमधल्या छोट्यांची चित्रकला स्पर्धा होती. कमिटीने चुकून अण्णांना बोलावलं. त्यांनी आयांना दोरीच्या बाहेर काढलं, पोरांना एकाआड एक बसवलं आणि कागद उलटे वाटले. “बेल होईपर्यंत उलटायचे न्हाईत.” मोदक काढायला बसलेल्या पाच वर्षांच्या पोरांची तोंडं बघवत नव्हती. शेवटी “राहिली पाच मिनिटं!” असं अण्णा जे गरजले, त्याबरोबर तिघांनी भोकाड पसरलं आणि एकाने खुर्चीतच कार्यक्रम उरकला. अण्णांनी शांतपणे आपल्या वहीत ‘उमेदवार क्रमांक सात, प्रकृती अस्वास्थ्य’ अशी नोंद केली.

एवढं सगळं असून पोरं त्यांच्याकडे जातात, त्याचं कारण शनिवार नाही. कारण रविवारची संध्याकाळ.

परीक्षा संपली की संध्याकाळी अण्णा होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखालच्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसतात. मग एकेक पोर येतं. उत्तर बरोबर का चूक हे विचारायला नव्हे. ते त्यांना मोबाइलवर कळतं. ती येतात कबुली द्यायला. एकदा मी फिरून दमले म्हणून त्याच बाकाच्या टोकाला टेकले होते, तेव्हा ऐकलं.

“अण्णा, बेल झाल्यावर मी उत्तराचा एक गोल पूर्ण केला. अर्धा आधीच भरला होता.”

“अण्णा, माझी सही चौकटीच्या बाहेर गेली. म्हणजे शेपूट फक्त.”

“अण्णा, पुढचा मुलगा शिंकला म्हणून मी वर बघितलं, आणि कॅमेरा नेमका माझ्यावर होता.”

एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर घामाचा थेंब पडला होता. ती रडायच्या बेतात होती. अण्णांनी विचारलं, “थेंब गोलावर पडला का गोलाच्या बाहेर?” बाहेर. “सुकला?” सुकला. “पुसला तर न्हाईस?” नाही. अण्णांनी डोळे मिटून मनातल्या मनात पुस्तिका चाळली. “सूचना क्रमांक चौदा. घाम त्यात बसत न्हाई. आयतु. जा, जेव जा.” आणि ती मुलगी खरंच उड्या मारत गेली हो. तिच्या आईबापांनी तेच सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. आईबाप काय, प्रेमापोटी काहीही सांगतात.

मला त्या पोरांचं वाईट वाटायचं. आमच्या वेळी नापास व्हायची भीती होती, ती सरळ होती. ह्यांना ती आहेच, आणि वर चोरी न करता चोर ठरायची भीती. आपल्या हातून नकळत काहीतरी झालं असेल, कुठल्या तरी कॅमेऱ्याने ते टिपलं असेल, आणि निकालाच्या दिवशी आपल्या नावापुढे काहीच नसेल. अठराव्या वर्षी हे ओझं फार झालं.

आमच्या सानिकालाही हे सगळं चुकलं नाही. बारावीनंतर मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. मग एक वर्ष घरी बसून पुन्हा अभ्यास. त्याच वर्षी वरच्या मजल्यावाल्यांनी फरशा बदलायला काढल्या. दिवसभर मशीन डोक्यावर. अण्णांनी कुंपणावरून ते तीन दिवस ऐकलं आणि चौथ्या दिवशी म्हणाले, “पुट्टीला माझ्या व्हरांड्यात पाठवा.” पुट्टी म्हणजे कानडीत छोटी. आमची छोटी माझ्यापेक्षा उंच आहे, पण ते असो.

वर्षभर ती त्यांच्या व्हरांड्यात बसली. अण्णांनी तिला एक अक्षर शिकवलं नाही. समोर खुर्ची टाकून बसायचे आणि तीन तास तिच्यावर सुपरवायझिंग करायचे. मधे एकदा उठून पाण्याचा पेला ठेवायचे. सानिका म्हणायची, “आई, तिथे झोपच येत नाही. कुणीतरी आपल्याकडेच बघतंय असं वाटतं ना.” अण्णांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. भिंतीवर पाहुण्यांसाठी म्हणून दोन खुर्च्या होत्या, घडी घालून टांगलेल्या.

ह्या वर्षी अण्णांनी एक नवी पद्धत काढली. आदल्या वर्षी शनिवारच्या झडतीनंतर एका आजीने नातवाच्या पँटच्या शिवणीत ताईत शिवला होता आणि त्याला केंद्रावर रडत रडत ती उसवावी लागली होती. म्हणून आता झडती झाली की कपडे बदलायचे आणि परीक्षेचे कपडे अण्णांच्या ताब्यात द्यायचे. ते खाकी कागदाच्या पिशवीत जाणार, पिशवीला लाखेचं सील लागणार, त्यावर अण्णांची सही होणार, आणि पिशवी त्यांच्या लोखंडी कपाटात. रविवारी सकाळी दोन साक्षीदारांसमोर सील फुटणार. प्रश्नपत्रिका ठेवतात तसं. सासूबाई खास परीक्षेसाठी मिरजेहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या नातीचा कुडता आता लॉकरात ठेवणार का रे हा माणूस?”

त्या कुडत्याला एक खिसा होता. “शिवून टाका,” अण्णांचा हुकूम झाला. मी शिवला. माझी शिलाई म्हणजे शाळेच्या कुंपणासारखी. आहे म्हणायला आहे, पण पोरं कुठूनही आत-बाहेर जातात. झडतीत सगळं ठीक ठरलं, कुडता पिशवीत गेला, लाख वितळली, सील बसलं.

रविवारी अण्णा आमच्याबरोबर गाडीतून आले. कुठल्याच पोराबरोबर ते कधी केंद्रावर गेले नव्हते. सिटीतल्या त्या जुन्या कॉलेजच्या फाटकासमोर सव्वातीन तास उभे राहिले. मी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा मलाच प्यावा लागला.

सानिका बाहेर आली ती पांढरीफटक. “कसा गेला?” “बरा.” अण्णा पुढच्या सीटवर होते, म्हणून घरापर्यंत तिने तोंड उघडलं नाही. घरात आल्यावर दार लावलं आणि म्हणाली, “आई, माझ्या खिशात कागद होता.”

झालं होतं असं. फिजिक्सच्या मध्यावर तिने तळहाताचा घाम कुडत्याला पुसला, आणि शिवलेल्या खिशात काहीतरी करकरलं. कागद. हात वर करून सांगावं, तर कॉपी म्हणून धरतील. गप्प बसावं, तर वर कॅमेरा. काढून टाकावं, तर शिवण उसवताना कुणी पाहिलं तर? दहा-बारा मिनिटं ती हात तसाच खिशावर ठेवून बसली. समोरचं काही दिसेना. सहा प्रश्न हातचे गेले.

मी तिथेच शिवण उसवली. आतून अंगठ्याएवढी पुडी निघाली. पांढऱ्या कागदाची, कडा पट्टी लावून कापल्यासारख्या सरळ. आत हळद लावलेले तांदळाचे चार दाणे. मंत्राक्षता.

मी सासूबाईंकडे पाहिलं. आयुष्यात काही वेळा माणसाने बोलण्याआधी पाण्याचा घोट घ्यावा. मी घेतला नाही. नको ते बोलले.

“मी घातल्या असत्या तर छाती ठोकून सांगितलं असतं,” सासूबाई म्हणाल्या. “मी अंगारा आणला होता, तो तिच्या उशीखाली आहे, जाऊन बघ. आणि मंत्राक्षता मठातल्या असतात, इकडच्या. मिरजेत मी त्या कुठून आणू?”

मुद्दा बिनतोड होता. मी तो कानाआड केला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि खरं सांगते, मला ते लागलं.

पण त्याहून वाईट म्हणजे सानिका. ती जेवेना. पुस्तिका घेऊन बसायची आणि एकच ओळ वाचायची: कागदाचा कोणताही तुकडा, लिहिलेला वा कोरा. मग तिने लॅपटॉप उघडून परीक्षा घेणाऱ्यांना पत्र लिहायला घेतलं. ‘मी एक प्रामाणिक विद्यार्थिनी असून’ इथपासून सुरुवात होती. माझा नवरा रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो, म्हणजे अर्धं आयुष्य फ्लायओव्हरवर काढतो, तो घरी येऊन म्हणाला, “अगं, तुला कुणी विचारलंय का? कशाला आपणहून गळ्यात दोर घालून घेतेस?”

“बाबा, कुणी विचारलं नाही म्हणून ते झालं नाही का?”

तो बूट काढायला वाकला. पत्र गेलं तर एक वर्षाचा अभ्यास पाण्यात जाऊ शकत होता. नाही गेलं तर ही पोरगी अशीच वाळत जाणार, हे दिसत होतं. मला तिचा राग येत होता आणि कीवही. “अण्णांना विचार,” मी म्हणाले. रविवारपासून ती तेवढंच टाळत होती. अण्णांच्या झडतीतून गेलेल्या मुलीच्या अंगावर कागद सापडला, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

सोमवारी संध्याकाळी ती गेली. मी कुंपणाशी उभी होते. तिने सगळं सांगितलं. मी वाट बघत होते सूचना क्रमांकाची. अण्णांनी विचारलं, “किती प्रश्न राहिले?”

“सहा.”

“सहा,” अण्णा म्हणाले. उठले, घरात गेले आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस ते दिसले नाहीत. पेपर फाटकात तसाच. आणखी दोन पोरं येऊन बाकावर बसून गेली. मी दार वाजवलं तर आतून “बरा हाय, अक्का” एवढंच. सानिकाने त्याचा एकच अर्थ लावला: माझा गुन्हा इतका मोठा आहे की अण्णांनाही त्यावर सूचना सापडत नाही. तिने पत्र पूर्ण केलं. “उद्या दहा वाजता पाठवणार,” म्हणाली.

शुक्रवारी सकाळी नऊला बेल वाजली. दारात अण्णा. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. बसा म्हटलं तर बसले नाहीत. फाइलमधून टाइप केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. तीन प्रती होत्या; बाकीच्या दोन त्यांनी टेबलावर ठेवल्या.

इंग्रजीत होता, पण अण्णांचं इंग्रजी मला सरकारी मराठीसारखंच कळतं. ‘खाली सही करणार, निवृत्त लेक्चरर, असे निवेदन करतो की, परीक्षेच्या आदल्या दिवशी उमेदवाराच्या कपड्यांची सीलबंद पिशवी माझ्या ताब्यात असताना, मी स्वतः सील फोडून, कुडत्याच्या खिशाच्या शिलाईतील फटीतून कागदाची एक पुडी आत सारली व पिशवी पुन्हा सील केली. उमेदवारास याची कल्पना नव्हती. घरातील कोणासही नव्हती. जी शिक्षा असेल ती मला व्हावी.’

मी दोनदा वाचलं. सासूबाई आतून आल्या होत्या. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि जमिनीकडे बघत उभी राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही, पण माझ्या चेहऱ्यावरचं त्या वाचू शकतात. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

“अण्णा, तुम्ही?” मी विचारलं.

“पोरीनं पत्र पाठवायचं न्हाई,” अण्णा म्हणाले. “हे पाठवायचं. चूक तिची न्हाई.”

“पण का?”

ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले, फाइलीची नाडी सोडत आणि बांधत. “आमची ही होती तवर दर गुरुवारी मठात जायची. मंत्राक्षता आणायची, डबीत ठेवायची. मी म्हणायचा, कशाला? घरात परीक्षेला कोण बसतंय? ती म्हणायची, असू दे, कवातरी लागतील. ती गेली. डबी ऱ्हायली.” नाडीची गाठ बसली, त्यांनी ती पुन्हा सोडली. “ड्युटीला जायच्या आधी सुपरवायझरनं एक फारम भरायचं अस्तंय, अक्का. ‘माझा कुणी नातेवाईक ह्या परीक्षेला बसलेला न्हाई.’ खाली सही. बाकीच्यांचा मुलगा बसायचा, पुतणी बसायची. त्या वर्षी त्यांना ड्युटी देत न्हाईत. ते घरी बसून देवाला हात जोडायचे, नखं खायचे. मला त्यांचं हसू यायचं. मी पस्तीस वर्षं सही केली. एक वर्ष चुकलं न्हाई.”

सानिका आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. त्यांना दिसली नव्हती.

“पस्तीस वर्षं पोरांच्या खिशातनं काढलं,” अण्णा म्हणाले. “घातलं कधी न्हाई. शनिवारी पिशवी कपाटात ठेवली, आणि शेजारीच ती डबी. वाटलं, चार दाणे. स्वल्प. चार दाण्यानं काय होतंय? आणि चार दाण्यानं काय होतंय ते माझ्याइतकं कुणाला म्हायती हाय, अक्का? तरी घातले.”

“सहा प्रश्न गेले माझे, अण्णा,” सानिका दारातून म्हणाली.

अण्णांनी मान वर केली आणि खाली घातली. ती रागावली होती, आणि तिला तो हक्क होता. मी मधे पडले नाही.

“घालायचेच होते तर सांगून घालायचे ना.”

“सांगितलं अस्तं,” अण्णा म्हणाले, “तर तू काढून ट्रेमदी ठेवले अस्तेस.”

हे इतकं खरं होतं की सानिकाला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. पाच दिवसांचं साठलेलं. सासूबाई पदर खोचून तिच्याजवळ गेल्या तर तिने हातानेच थांबवलं. नाक पुसलं, पुढे आली आणि टेबलावरची एक प्रत उचलून वाचायला लागली. अण्णांकडूनच शिकली होती, शेवटच्या ओळीपासून.

“हे रिकामं का?” तिने विचारलं.

सहीच्या खाली दोन रकाने होते. ‘पत्ता’ भरलेला होता. ‘उमेदवाराशी नाते’ कोरा. अण्णांनी आयुष्यात एक रकाना कोरा सोडला नसेल.

“काय लिहू?” अण्णा म्हणाले. “शेजारी हे नातं धरत न्हाईत. खोटी माहिती दिली तर ते वेगळं कलम.”

सानिकाने टेबलावरचं पेन घेतलं आणि त्या चौकटीत लिहिलं. मी वाकून पाहिलं. इंग्रजी कागदावर मराठीत, स्वच्छ अक्षरात: आजोबा.

अण्णांनी कागद हातात घेतला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. “हे खोटं हाय, पुट्टी.”

“मग खोडा.”

त्यांनी खोडलं नाही. चहाला उकळी फुटून तो शेगडीवर सांडल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही. मग त्यांनी तिन्ही प्रती एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवल्या.

“हे आता जात न्हाई,” ते म्हणाले. “नातेवाइकाचं निवेदन धरत न्हाईत.”

“आणि माझं पत्र?”

“तुला म्हायतीच नव्हतं. जे तू केलंच न्हाईस त्याची कबुली तू कशी देणार? कबुली द्यायची मी. आणि माझी चालत न्हाई. आयतु.”

सानिका आत गेली, लॅपटॉप घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ते पत्र पुसून टाकलं. “आई, काहीतरी खायला दे,” म्हणाली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी कालच्या पोळ्या गरम करायला घेतल्या.

अण्णा प्रथमच खुर्चीवर बसले. सासूबाईंनी उरलेला चहा दोन कपांत करून एक त्यांच्यापुढे ठेवला.

“पण अण्णा,” सानिका तोंडात घास घेऊन म्हणाली, “त्या सहा प्रश्नांमुळे सीट हुकली तर? परत बसायला लागलं तर?”

“तर बसायचं,” अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडावर एक असा भाव आला, जो मी इतक्या वर्षांत तिथे कधी पाहिला नव्हता. “फक्त ध्यानात ठेव, अक्काला पण सांगून ठेवतो. त्या वर्षी मला ड्युटी देता येत न्हाई.”